परदेशी नंबर उचलायचा नाही

लुंबिनीला जायचं आमच्या बुढ्यांनी, म्हणजे मालकांनी, ठरवलं होतं, मी नाही. पोलादाच्या प्लांटमध्ये, रेल मिलच्या तापलेल्या रुळांपाशी होते तेव्हापासून एकच धोशा, रिटायर झालो की लुंबिनी. रिटायर झाले, कुरुदला घर बांधलं, अन् जायच्या वर्षीच डावं अंग गेलं. यंदा आमच्या विहारातल्या बाया निघाल्या तेव्हा म्हणाले, "तू जाय. मले फोनवर दाखव. पाय नाही चालत, डोये तं चालते."

म्हणून गेले. चौथी शिकलेल्या बाईनं परदेशात फोन कसा चालवला ते इथं सांगते, तुमच्या कामी येईल. शुद्धलेखन नात प्रज्ञा पाहते, अक्कल माझी आहे.

निघायच्या आधी बुढ्यांना बजावलं. मागे एकानं बँकेचा साहेब बनून फोनवरच त्यांच्या खात्यातले पैसे उडवले होते. "अनोळखी नंबर उचलायचा नाही. परदेशी तं बिलकुल नाही. दोनदा वाजला की ब्लॉक." ब्लॉक कसं करायचं तेही बोट धरून शिकवलं.

"हो वो, कितीक वेळा सांगशील?"

"कावून, एकदा सांगून कधी आईकलं तुम्ही?"

दुर्गहून नौतनव्याची गाडी थेट जाते. दोन दिवसांच्या पोळ्या अन् लसणाची चटणी सोबत ठेवा, गाडीतला चहा म्हणजे कप धुतलेलं पाणी. पुढं जीपनं सोनौली, अन् पायी सीमेची कमान ओलांडली की नेपाळ. पासपोर्ट लागत नाही, मतदार कार्ड चालतं. मात्र कमानीपलीकडे फोनचं नेटवर्क गेलं अन् पैशाचं अ‍ॅपही बसलं. शंभराच्या नोटा भरपूर न्या, त्या सगळे घेतात. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ होतात. पाचशेची नोट पाहून दुकानदार तोंड फिरवायचे.

पलीकडच्या पहिल्या मोठ्या गावात, भैरहवात, सिम घेतलं. कार्डाची झेरॉक्स अन् फोटो द्यावा लागला, आठवड्याचा डेटा धरून आपले तीनशेक रुपये पडले. दुकानातली बाई मला "आमा, आमा" करत होती, गोड होती. तिनं जुनं सिम काढून हातात दिलं, मी ते सुपारीच्या डबीत टाकलं. मग व्हॉट्सअ‍ॅपनं विचारलं, तुमचा नंबर बदलला का, नवा लावू का? खरं विचारलं, मी खरं सांगितलं. हो. चुकी तिथंच झाली.

दुसऱ्या दिवशी तासाभराच्या बसनं लुंबिनी. जन्मस्थानाच्या मंदिरात फोटो काढू देत नाहीत. बाहेर दगडी खांब, तळं अन् मोठं झाड. चपला आधीच काढलेल्या, दुपारचं ऊन. खांबासमोर उभी राहून व्हिडिओ कॉल लावला. कट. पुन्हा लावला. कट. तिसऱ्यांदा वाजलाच नाही.

तेव्हा ट्यूब पेटली. मीच परदेशी नंबर झाले होते.

सोबतची कमल पोट धरून हसली. "नवरा असावा तं असा! सांगितलं तेच करते."

"पंचेचाळीस वर्षांत एकदा आईकलं, तेही आजच!"

जुना नंबर परत लावायला कोड त्याच जुन्या सिमवर येतो, अन् त्याला तिथं नेटवर्क नाही. सुनेला फोन केला तर ती दवाखान्यात ड्यूटीवर, फोन लॉकरमध्ये; निरोप टाकून ठेवला. बस तीनला सुटणार. शेवटी जेवढं दिसलं तेवढं व्हिडिओत भरून घेतलं, हा खांब, हे तळं, असं बोलत बोलत.

संध्याकाळी सुनेनं घरी जाऊन ब्लॉक काढला. म्हणाली, आबा सकाळपासून पांढरा सदरा घालून, फोन मांडीवर घेऊन बसलेत. तोवर आम्ही बॉर्डरवर, पुढं ट्रकांची रांग.

बुढ्यांना कॉल लागला तेव्हा मी म्हटलं, "आता काय दाखवू? ट्रक?"

"ट्रकच दाखव," म्हणाले. अन् दहा मिनिटं ट्रक पाहत राहिले.

तर बायांनो, जुनं सिम फोनमध्येच राहू द्या, नवं दुसऱ्या खाचेत घाला. व्हॉट्सअ‍ॅपनं विचारलं तर 'नाही' दाबा. अन् निघायच्या आधी घरच्यांना सांगा, कोणता नंबर उचलायचा. कोणता उचलायचा नाही हे तर मीही सांगितलं होतं.

घरी आल्यावर व्हिडिओ दाखवला. मध्येच एका ठिकाणी माझा हात खाली गेला आहे, तेवढा वेळ नुसते माझे अनवाणी पाय अन् खालच्या विटा दिसतात. प्रज्ञा म्हणाली, "आजी, ये हटा देती हूँ."

"राहू दे," बुढे म्हणाले. "तिथंच थांबव." मग माझ्याकडे पाहून, "विटा तापल्या होत्या का वो?"

"होत्या नं."

"मिलच्या फरशीपेक्षा?"

"नाही जी. कमी."

"मंग मले जमलं असतं," म्हणाले.