बोरिवलीचा चार दिवसांचा पत्ता

२००५ सालच्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. रक्कम साडेतीन हजार रुपये. हजर मी, माझी पत्नी आणि क्रेडिट कार्ड विकणारा एक तरुण. जागा, वसईच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल.

तरुणाने टेबलावर दोन पत्रकं ठेवली. निळ्या कार्डाला वार्षिक फी नव्हती, आणि त्यावर मिळायचंही काही नाही. सोनेरी कार्ड एका मोठ्या विमान कंपनीबरोबरचं. फी साडेतीन हजार, पण कार्ड हातात आलं की घरातल्या कोणाच्याही नावाने दोन तिकिटं फुकट. फक्त कर भरायचा, प्रत्येकी साडेचारशे.

आम्हाला नेमकी दोनच तिकिटं हवी होती. बंगळूरला दिलेली आमची मुलगी पहिलटकरीण, नुकताच सातवा लागलेला. आमच्याकडे सातव्यात माहेरी आणतात. आठवा लागला की हलवत नाहीत. चोवीस तासांचा रेल्वेप्रवास डॉक्टरांना मान्य नव्हता. तेव्हा मी रेल्वेने जायचं आणि तिला घेऊन विमानाने परतायचं, असं ठरलं होतं.

पत्रकाच्या मागे मी हिशोब मांडला. सोनेरी कार्डाने दोघांचे मिळून चार हजार चारशे. निळं कार्ड घेऊन इंटरनेटवर स्वस्त कंपनीची तिकिटं काढली, तर दोन हजार सहाशे पन्नासप्रमाणे पाच हजार तीनशे. शिवाय स्वस्त विमान मुंबईला रात्री साडेअकराला उतरणार, मोठ्या कंपनीचं दुपारी.

"मग सोनेरीच घ्या की," पत्नी म्हणाली. "विचार कसला करताय?"

तरुण जरा घुटमळला. "काका, फक्त पत्ता खाडीपलीकडचा लागेल. वसई-विरार आमच्या लिस्टमध्ये नाहीये. निळं मिळेल, पण एफडी ठेवून. बोरिवलीला वगैरे कोणी नातेवाईक आहेत का?"

"तुम्ही कुठे राहता?" मी विचारलं.

"नालासोपाऱ्याला. मलापण नाही मिळत."

पत्नीचा धाकटा भाऊ बोरिवलीला राहतो. तिने मला विचारलंही नाही, सरळ त्याला फोन लावला. मी राहत नाही तिथला पत्ता लिहून खाली सही करणं मला जमणार नव्हतं, आणि नऊशे रुपये सोडणंही जमत नव्हतं. तरुण फॉर्म ठेवून गेला.

पुढचे तीन दिवस मी ऑफिसातल्या संगणकावर स्वस्त कंपनीचं भाडं पाहत होतो. सोमवारी दोन हजार आठशे. बुधवारी तीन हजार शंभर. घरी आलो की पत्नी आधी आकडा विचारायची, मग चहा टाकायची.

"तुमचा खरेपणा दिवसाला किती रुपयांनी महाग होतोय, तेही मांडा त्या कागदावर," ती म्हणाली.

वाट काढली मेव्हण्याने. फोनवर म्हणाला, "भावोजी, बॅग भरा आणि या राहायला. मग पत्ता खोटा कसा?"

तो थट्टा करत होता. मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

"बाळंतपण लेकीचं आणि माहेरी निघाला बाप," पत्नी दारात उभी राहून म्हणाली. "तेही माझ्या!"

बोरिवलीला पोचल्यावर, तिथे जेवून, मी फॉर्मवर सही केली. 'किती वर्षे राहता' हा रकाना कोरा ठेवला. "ते मी बघतो," असं तरुण आधीच म्हणून गेला होता. दुसऱ्या दिवशी तो फॉर्म घेऊन गेला. आता बँकेचा माणूस चौकशीला येणार होता. मी ऑफिसातून लवकर निघायचो आणि मेव्हण्याच्या खिडकीतून फाटकाकडे बघत बसायचो. बेल वाजली की उठायचो. इस्त्रीवाला, केबलवाला, एकदा शेजारीण विरजण मागायला. मेव्हण्याची बायको म्हणाली, "भावोजी, तुम्ही बसा हो. मला दाराला कडी घालायलासुद्धा मिळत नाहीये."

शुक्रवारी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही मामाकडे राहायला गेलात? आईशी भांडलात का?"

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "बाबा, सासूबाई म्हणतात, जमत नसेल तर इथेच राहू दे. सगळे प्रेमाने वागतात हो. पण इथे भूक लागली तरी मी स्वयंपाकघरात कोण आहे ते बघते, मग जाते. मला घरी यायचंय. कुठल्याही विमानाने न्या."

त्यानंतर मला त्या खिडकीत बसवेना.

शनिवारी दुपारी बँकेचा माणूस आला. वही उघडून त्याने विचारलं, "इथे कधीपासून राहता?"

"बुधवारपासून."

"कोणत्या सालच्या?"

"याच."

आतून मेव्हणा जोरात खोकला. माणसाने पेन खाली ठेवलं. "काका, एक वर्ष तरी लागतं. मी 'दार बंद होतं' असं लिहू का? मंगळवारी परत येतो. तोवर तुम्ही आठवून बघा."

"आठवण्यासारखं काही नाही," मी म्हणालो. "खरं तेच लिहा."

तो गेल्यावर मेव्हणा बाहेर आला. त्याने माझी बॅग भरायला घेतली.

एफडी ठेवून निळं कार्ड यायला पंधरा दिवस. तेवढ्यात भाडं कुठे गेलं असतं ते मला मांडायचं नव्हतं. मी घरी न जाता वसई स्टेशनजवळच्या तिकीट एजंटाकडे गेलो. एटीएममधून पैसे काढून त्याच्यासमोर ठेवले. त्याने संगणकावर भाडं पाहिलं, तीन हजार नऊशे पन्नास. मग खिशातून स्वतःचं कार्ड काढून त्याचा नंबर टाकला. कार्ड निळं होतं.

"याला फी किती?" मी विचारलं.

"फी नाही काका. बँकेत एफडी ठेवलीये."

मुलगी आठवा लागायच्या दोन दिवस आधी घरी आली. रात्री दीड वाजता तिने स्वतः उठून भाताचं पातेलं उघडलं, कोणाला न विचारता.

एजंटाला दिले ते असे: दोन तिकिटांचे सात हजार नऊशे, त्याचे स्वतःचे प्रत्येकी दीडशे, मिळून आठ हजार दोनशे, रोख. बँकेला काही नाही.