लाल न पडलेले पापड

“ये गं, पापड लाटायला,” आईने अंगणातून हाक मारली.

मी दारातूनच म्हणाले, “आई, पाळी आली.”

“मग लांबच बस बाई, पापड लाल पडतील!” ती म्हणाली, पण तिचा चेहरा फुलला होता.

चार महिने पाळीच न आल्याने तिला मला असं हटकता आलं नव्हतं. पीसीओएस हा शब्द आमच्या घरात मीच कॉलेजच्या गावाहून आणला. मागोमाग रोजचं चालणं, गोड बंद, ज्वारीची भाकरी. वजन जेमतेम दोन किलो उतरलं.

एरवी मी या विटाळावरून तिच्याशी भांडते. चुकतंय की काय कळत नाही, पण आज निंबाखाली लांब बसायला मला बरं वाटलं.

आईने तेलात बुडवलेली पिठाची लाटी लांबूनच टाकली.

“झेल. आज खा, उद्या चालायला मीपण येते.”