कॅनडाच्या कामगारांचा बोळिंजचा कैवारी

कॅनडाच्या कामगारांचं भलं करणाऱ्यांची कुणी रांग लावली, तर पहिला नंबर विरारला बोळिंजमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा लागेल. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. तिकडच्या सरकारला याचा पत्ता नसेल, तर तो त्यांचा निष्काळजीपणा. आता दादाने कॅनडा पाहिलाय का? छे! पासपोर्ट काढला होता, तो गॅसच्या कनेक्शनसाठी ओळख म्हणून दाखवला आणि कपाटात ठेवला. पण वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, जिथे खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात आणि वर काचेचं ऑफिस आहे, तिथे बसून हा मनुष्य वर्षानुवर्षं कॅनडातल्या कंपन्यांचं एचआर सांभाळत होता. तिकडे कुणाला बाळंतपणाची रजा हवी, कुणाची पाठ दुखते म्हणून वेगळी खुर्ची हवी, कुणाचा साहेब अंगावर खेकसला, की त्याचा अर्ज कॉम्प्युटरवरून सरळ वसईत. मग दादा नियम बघणार, मालकाला त्याची जबाबदारी गोड शब्दांत समजावणार आणि निर्णय कळवणार. तिकडची सकाळ ती आपली संध्याकाळ, म्हणून हा रोज पाचला डबा घेऊन घरातून निघायचा आणि दूधवाल्याबरोबर परतायचा.

सुट्ट्यासुद्धा तिकडच्याच. गणपतीत आम्ही आरत्या म्हणत असताना हा कामावर, आणि कुठल्या तरी भलत्याच सोमवारी, आमची सगळ्यांची घाई चाललेली असताना, हा इस्त्रीचा शर्ट घालून श्रीखंडाचा डबा घेऊन दारात उभा. "आज तिकडे सण आहे," असं हसून सांगायचा. तिकडे बर्फाचं वादळ झालं की इकडे हा बेचैन. मे महिन्यात घामाने निथळत आमच्याकडे बसून, तिकडच्या कुठल्या गोदामात हीटर बंद पडलाय आणि मालक दुरुस्त करत नाही, यावर तो असा तळमळून बोलायचा की माझा नवरा उठून पंखा कमी करायचा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना तर त्याने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मधली सुट्टी किती मिळते तुम्हाला?" ताई माझ्याकडे बघायला लागल्या, मी दादाकडे. त्या दिवसापासून ताई भांडी घासून झाली की खुर्चीत बसून चहा पितात, आणि मी करून देते.

लग्न जमलं नाही त्याचं, तेही यातूनच. एव्हरशाईन सिटीत एक स्थळ बघायला गेलो होतो. मुलगी चांगली, बँकेत नोकरीला. तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे वय, गाव, पगार, कुळाचार विचारायला सुरुवात केली. दादा अदबीने म्हणाला, "माफ करा, पण वय आणि धर्म हे दोन प्रश्न मुलाखतीत विचारता येत नाहीत." त्या गृहस्थांचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. मग मुलीकडे बघून याने विचारलं, "आपण आपल्या कामाच्या अनुभवाविषयी थोडं सांगाल का?" ती बिचारी बँकेतल्या कर्जखात्याबद्दल पंधरा मिनिटं बोलली, आणि याने एकदाही मध्ये तोडलं नाही. घरी आल्यावर सगळ्या उमेदवारांना कळवायची त्याची पद्धत म्हणून त्याने तिच्या वडिलांना आभाराचा मेल पाठवला. तिकडून नकारच आला. मावशीने कपाळावर हात मारला आणि मी आठवडाभर हसत होते. आता ते हसू येत नाही.

त्याच्या सोसायटीचा वॉचमन टाकीवर चढायचा, ती गोष्ट तर सगळ्या बोळिंजला माहीत आहे. टाकीचा बॉल अडकला की सेक्रेटरी वॉचमनलाच वर पाठवायचे, आणि शिडी अशी गंजलेली की पाय ठेवला की पोपडे गळायचे. दादाने त्याला गेटवर गाठून समजावलं, "काका, जिवाला धोका असेल ते काम नाकारायचा माणसाला हक्क आहे. आणि नाकारलं म्हणून काढता येत नाही." काकांनी नाकारलं. मग भर उन्हात सेक्रेटरी स्वतः लेंगा खोचून चढले, अर्ध्यावर अडकले आणि तिथूनच त्यांनी सगळ्या जगाचा उद्धार केला. खाली बायका बादल्या घेऊन उभ्या, हसून हसून पुरेवाट. पुढच्या आठवड्यात गेटवर दुसरा वॉचमन होता. दादा तीन रविवार मनवेलपाड्याच्या चाळींमधून त्या काकांना शोधत हिंडला, शेवटी मीच ओळख काढून त्यांना एका शाळेत चिकटवलं. "असं कसं काढलं गं?" हे तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता. एवढ्या वयाच्या माणसाला मी काय सांगणार!

आता मावशीचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. मावशी मूळची देवगडकडची, सगळं आयुष्य विरारला काढलं तरी बोली तीच. हळूहळू तिला विसरायला व्हायला लागलं. सकाळी ठीक असायची, दादाला हाक मारून पेज वाढायची. पण उन्हं कलली की तिच्यात काहीतरी हलायचं. पिशवी भरायची, त्यात एक लुगडं, एक नारळ, कधी रिमोट, आणि दाराशी जाऊन उभी. "माका घराक जावचा आसा. यष्टी सुटतली." दादा जवळ असला, हात धरून बसला, की ती बसायची. दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही. आणि नेमका तोच पाचला निघणार. संध्याकाळसाठी ठेवलेल्या बाईंना तिने दोनदा चकवलं. एकदा ती आगाशीच्या रस्त्याला एका केळीवाल्याच्या बाकड्यावर सापडली, पिशवी मांडीवर घेऊन गाडीची वाट बघत. मी कामावरून सुटून पूर्वेहून पश्चिमेला धावत पोचले, तेव्हा तिने मला विचारलं, "तू कोणाची गो?"

दादाला सकाळची पाळी मिळाली असती तर हे सगळं टळलं असतं. ऑफिसात सकाळची एक तुकडी होतीही, फायली लावणारी, जिला कॅनडा जागा असो की झोपलेला, काही फरक पडत नव्हता. पण मागायची म्हणजे याला संकोच. त्याला बोलतं केलं ते मावशीनेच. एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि दादा कौतुकाने सांगत होता, तिकडच्या एका ट्रकवाल्याचे वडील अंथरुणाला खिळलेत, मालक ऐकत नव्हता, "पण नियम असा आहे की घरच्या माणसाची काळजी घ्यायची असेल तर मालकाला वेळ बदलून देता येते का ते बघावंच लागतं. मी मालकाला तीन मेल केले. दिली बदलून!" मावशीचं डोकं त्या दुपारी लख्ख होतं. भात कालवता कालवता ती म्हणाली, "आणि तुझी वेळ कोण बदलून देतलो रे?"

दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणजे याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरगा. "सर, सगळ्यांचे पेरेंट्स आहेत ना. थोडं अ‍ॅडजस्ट करा यार," एवढं बोलून तो कॉफी आणायला गेला. दुसरा कुणी असता तर त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, खोटा डॉक्टरचा कागद आणला असता, युनियनवाल्या कुणाचा तरी फोन लावला असता. माझ्या भावाने काय केलं? रीतसर अर्ज केला. आणि अर्ज करायची त्याला माहीत असलेली जागा एकच, जिथे कॅनडाभरचे अर्ज येतात ती. "आपण काम त्यांचंच करतो ना? मग आपल्यालाही लागू व्हायला हवं," असं त्याचं म्हणणं. मी फोनवर विचारलं, "अरे, पण ते अर्ज बघतं कोण?" म्हणाला, "ज्याच्या वाट्याला येईल तो."

आला त्याच्याच वाट्याला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला हे नंतर सांगितलं. स्क्रीनवर स्वतःचं नाव बघून दादाने चष्मा पुसला. सगळी रांग उठून मागे जमली. "दादा, द्या ना मंजुरी! एक बटण दाबायचंय फक्त!" पण हा परक्या माणसाचा वाचावा तसा तो अर्ज वरपासून खालपर्यंत वाचत राहिला. मग नियमाप्रमाणे पहिला प्रश्न आला, अर्जदार कॅनडात नोकरीला आहे का? त्याने 'नाही' केलं. पुढचे प्रश्न आलेच नाहीत. नकार द्यायचा तर तयार मजकूर वापरायचा नाही, माणसाला माणसासारखं लिहायचं, हा त्याचा कायमचा शिरस्ता. त्याने स्वतःला लिहिलं, "आपल्या आईंना सांभाळताना आपली होणारी ओढाताण आम्ही समजू शकतो. परंतु आम्हाला खेद वाटतो की..." खाली लिहिलं, "स्वतःच्या प्रकृतीला जपा," आणि स्वतःचं नाव. पाठवून झाल्यावर तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मी त्याला फाडून खाल्लं. "दादा, तू माणूस आहेस की रबरी शिक्का? कुणाला कळणार होतं?" तर शांतपणे म्हणतो, "अगं, उद्या कुणी विचारलं असतं, स्वतःला कसं दिलंस, तर काय तोंड दाखवलं असतं?" मला त्याच्या त्या सरळपणाची शिसारी आली, खरंच सांगते. आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला.

कळायचं ते कळलंच. त्यांच्या कॉम्प्युटरात वसईचा अर्ज कसा, म्हणून तिकडून कुणीतरी साधी चौकशी केली, आणि इथल्या मालकाला वाटलं आपली अब्रू गेली. दादाला केबिनमध्ये बोलावलं, गळ्यातलं कार्ड मागून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ज्याने तिकडच्या शेकडो मालकांना शिकवलं की माणसाला असं एका मिनिटात काढता येत नाही, आधी कारण सांगावं लागतं, मुदत द्यावी लागते, त्याने एवढंच विचारलं, "सर, नोटीस?" मालक म्हणाला, "ते तिकडे असतं." आपल्याकडेही कायदा आहे, कोर्ट आहे, मी म्हटलं भांडूया. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला वेगळाच घोर लागला होता. तिकडच्या एका बाईचा अर्ज त्याच्याकडे अर्धवट राहिला होता आणि मशीन आधीच बंद केलेलं. "तिला कुणी कळवलं असेल का गं?" असं तो दोन दिवस विचारत होता. आग लागो त्या काचेच्या ऑफिसला! आपल्या माणसांना चिरडून दुसऱ्या देशातल्या माणसांचे हक्क विकायला बसलेत, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आम्ही एक कुटुंब आहोत'. मी स्वतः जाऊन वाचून आलेय.

आता तो माझ्या नवऱ्याच्या ओळखीच्या एका प्लायवूडच्या दुकानात सकाळचा हिशेब बघतो. पगार निम्मा. तिथे त्याने प्रथमोपचाराची पेटी लावलीय आणि हमालांना हातमोजे घ्यायला लावलेत, शेठ कुरकुरतो पण घेतो. संध्याकाळी दादा घरी असतो. पण व्हायला नको तो उशीर झालाच. मावशी आता त्याला ओळखत नाही. तिला वाटतं, हा आपल्याकडे कामाला ठेवलेला कुणी भला माणूस आहे.

परवा सात वाजता मी गेले, तर मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "पुरे झाला आता. किती काम करतंस! जा, घराक जा बाबा. तुझी आवस वाट बघत आसतली." दादा म्हणाला, "होय, जातो आईकडे." चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. मी शेजारी बसले. "रोज सोडते ती मला," तो म्हणाला, "एकही दिवस अडवलं नाही." खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग तो उठला, केस सारखे केले आणि बेल वाजवली. मावशीने दार उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. "इलंस?" ती म्हणाली, "आज लवकर सोडलानी तुका?"

"होय, आई," दादा म्हणाला, आणि आत गेला.