वीस फुटांवरची शर्यत

चष्मेवाल्याला जगातलं सगळं कळत असे, आणि जे कळत नसे ते क्षुल्लक असे. तीस वर्षं लोकांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून "आता स्पष्ट? की हे जास्त स्पष्ट?" असं विचारता विचारता त्याची समजूत झाली होती की लोकांना जे काही दिसतं ते आपल्याच कृपेने. गिऱ्हाईक चष्मा चढवून आरशात पाहू लागलं की हा अशी मान डोलवी, जणू खालचं नाकही यानेच घडवलं आहे.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा व्हिडिओ गेम घरीच राहिला. तो स्टँडमध्ये ठेवला की चित्र टीव्हीवर दिसे. उचलून हातात घेतला की त्याच्याच वीतभर पडद्यावर खेळता येई. बायकोने तो हातात घेतला. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून देई. इस्त्री तापेपर्यंत एक मोटारशर्यत सहज खेळून होई. चष्मेवाल्याने ते पाहिलं आणि त्याच्यातला तज्ज्ञ जागा झाला.

"अगं, डोळ्यांचं वाटोळं करशील! एवढ्याशा काचेत कसली शर्यत? मुंगीने मुंगीला मागे टाकल्यासारखं दिसतं. खेळायचं तर मोठ्या पडद्यावर, वीस फुटांवरून."

वीस फूट, कारण दुकानातला त्याचा तक्ता वीस फुटांवर होता. त्याच्या लेखी देवाने सृष्टीच मुळी वीस फुटांवरून बघायला केली होती. त्याने अर्धी भिंत खाणारा टीव्ही आणला, मापाची फीत घेऊन खोली मोजली, तर अंतर तीन फूट कमी भरलं. खिडकीपाशी बायकोच्या शिवणयंत्राचं टेबल होतं. ते स्वयंपाकघराकडच्या बोळकांडीत गेलं, एका पिवळ्या दिव्याखाली. खिडकीत साहेबांची खुर्ची आली.

"आणि काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसायचा कसा?"

"चांगला चष्मा करून देतो की."

म्हणजे दुखणंही घरचं आणि वैद्यही घरचाच.

चष्मा आला; उजेड काही आला नाही. पंधरा दिवसांत तिने एका काळ्या पँटची खालची पट्टी गडद निळ्या दोऱ्याने शिवली. गिऱ्हाइकाने ती दारात धरून दाखवली तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात एका हॉटेलातून वेटरांचे तीस काळे कोट बाह्या आखूड करायला आले. त्यातला एक जरी तसा निघाला असता तर तीसही परत गेले असते, आणि मागोमाग हॉटेलही. तिने खिडकी परत मागितली. नवरा तेव्हा शर्यतीत होता. मान न वळवता म्हणाला, "तुझं ते खेळणं माझ्या टीव्हीपुढे टिकलं तर घे खिडकी."

"शब्द देताय?"

"दिला! पण हरलीस तर त्या बोळकांडीबद्दल ब्र काढायचा नाही."

रविवारी सकाळी तिने धाकट्या बहिणीला बोलावलं. ती शाळेत खेळ शिकवी. गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ घालूनच आली. तीन फेऱ्या, ज्याला वेळ कमी तो जिंकला.

आधी चष्मेवाला. टीव्हीसमोर तो सिंहासनावर बसावं तसा बसला आणि प्रत्येक वळणावर खुर्चीसकट कलला. चार मिनिटं दहा सेकंद. मग बायकोने गेम स्टँडमधून उचलला, खिडकीच्या कट्ट्यावर टेकली आणि खडूच्या रेघेवरून कात्री न्यावी तशी गाडी नेली. तीन मिनिटं बावन्न.

"हे चालायचं नाही! पडदा लहान म्हणजे रस्ताही लहान. त्यावर मी डोळे मिटून जिंकेन."

"मग खेळा ना, भाऊजी," मेव्हणी म्हणाली. "डोळे उघडे ठेवलेत तरी आमची हरकत नाही."

आता माघार कुठे? त्याने गेम हातभर लांब धरला. पहिलं वळण यायच्या आत गाडी वळली आणि भिंतीवर आदळली. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला ती गवताच्या गंजीत शिरली.

झालं होतं असं की नव्या टीव्हीतली चित्र सुंदर करायची होती नव्हती ती सगळी बटणं त्याने हौसेने चालू केली होती. एकेक चित्र नटवण्यात टीव्हीचा क्षणभर वेळ जाई. हातातलं बटण आधी दाबलं जाई आणि गाडी मागून वळे. तेव्हा साहेबांना प्रत्येक वळण क्षणभर आधीच घ्यायची सवय लागली होती, आणि त्या सवयीला ते अनुभव म्हणत. लहान पडद्याला नट्टापट्टा ठाऊक नव्हता. दाबलं की गाडी वळली.

सहा मिनिटं चाळीस.

"भाऊजी, निदान रस्त्याला तरी वळू द्यायचं आधी!"

"यंत्र बिघडलंय."

"आत्ता तर ताईच्या हातात धड होतं."

"मग माझा नंबर बदलला असेल."

"तो उद्या दुकानात तपासा," बायको म्हणाली. ती केव्हाच बोळकांडीत जाऊन उभी होती. "आता टेबलाचं ते टोक धरा. आणि उचला नीट, फरफटवू नका."

त्याने टोक धरलं. खुर्ची बोळकांडीत गेली. तिथून टीव्हीची फक्त एक कड दिसे, म्हणून शर्यत बंद पडली. कोट वेळेवर गेले. तिसातला एकही परत आला नाही.

पण हार पचवेल तो चष्मेवाला कसला! आठवड्याभरात शेजारीण चष्म्यात नवी काच बसवून त्याच्या दुकानातून परतली आणि खिडकीशी थांबून म्हणाली, "नशीबवान हो तुम्ही! बायकोच्या डोळ्यांसाठी टीव्हीवरच्या खेळाचा त्याग केला म्हणे त्यांनी. स्वतःच्या हातांनी टेबल उचलून दिलं म्हणे."

"त्याग," बायको म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.