बारीक अक्षर

टायपिस्टबाईंच्या नादी लागायचं नाही, हे इस्पितळातल्या नव्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात कळायचं. मेंदूविकार विभागाच्या कोपऱ्यात, काचेच्या खोलीत त्या सव्वीस वर्षं बसत होत्या. कानात डॉक्टरांचं रेकॉर्डिंग, बोटं कीबोर्डवर आणि कपाळाला कायमची आठी. नातेवाइकांनी रिपोर्ट मागितला तर आधी दोन शब्द ऐकवायच्या, मग कागद द्यायच्या. पण कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. मज्जारज्जू, अनुमस्तिष्क, अटॅक्सिया, न्यूराल्जिया, सगळं अर्थासकट तोंडपाठ. एकदा मोठ्या डॉक्टरांनी बोलण्याच्या ओघात उजव्याचं डावं केलं, तर बाई फाइल घेऊन थेट वॉर्डात गेल्या. "उजवा हात लुळा पडलाय, म्हणजे गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला हवी. रिपोर्टात उजवीकडे कशी?" डॉक्टर ओशाळले. बाईंनी ही गोष्ट महिनाभर ज्याला त्याला सांगितली.

ही विद्या त्या घरीही पाजळायच्या. शेजारीण जिन्यात अडखळली की "अनुमस्तिष्क तपासून घ्या, तोल तिथून सांभाळला जातो." नवऱ्याला तर लग्नानंतर लगेचच सांगून झालं होतं, की तुमच्या मेंदूचा पुढचा भाग बसवायचा राहून गेलाय.

नवरा ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढण्यात हयात गेली. त्याचं अक्षर छापल्यासारखं, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही, म्हणून मित्र त्याला 'पट्टी' म्हणायचे. स्वभावही तसाच, न वाकणारा. मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि हा गेला नाही. बाई एकट्या जाऊन आल्या. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, त्याला चार वर्षं झाली. जे काही सांगायचं ते जेवणाच्या टेबलावर, चिठ्ठीत. 'गॅस संपत आला आहे.' 'नळवाला उद्या येईल.' बाई प्रत्येक चिठ्ठीमागे तारीख टाकून ती बिस्किटांच्या डब्यात ठेवत. हा माणूस माझ्याशी कसा वागला, याचा पुरावा हवा म्हणून.

गेल्या दीड वर्षात पुरावा भलताच भरघोस झाला. चिठ्ठ्यांतलं अक्षर बारीक होत गेलं. आधी मूगडाळीएवढं, मग राईएवढं, आता चष्मा पुसूनही लागत नव्हतं. ज्याची हयात अक्षरांची उंची मोजण्यात गेली, तो हे चुकून करेल? मला वाचायला त्रास व्हावा म्हणून करतोय, बाईंची खात्री होती. शिवाय समोर बसला तरी चेहऱ्यावरची रेघ हलवायची नाही, डोळे न मिटता नुसतं बघत राहायचं. फोनवर कुणाशी बोलला तरी इतकं हळू, की आपल्या कानावर पडू नये. चालायचं ते एक हात अंगाशी धरून, पाय घासत, फरशीवर राग काढत.

"माणूस नाही, भिंत आहे," त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं. "रविवारी मी तुझ्याकडे येतेय. कायमची."

शुक्रवारी एका पेशंटची फाइल आली. रेकॉर्डिंग नेहमीचं: चेहरा निर्विकार, पापण्यांची उघडझाप कमी, आवाज खाली, चालताना डावा हात हलत नाही, पाय घासतो. संशय पार्किन्सन्सचा. बाईंची बोटं आपोआप चालत होती, असे रिपोर्ट त्यांनी शेकड्यांनी टाइप केले होते. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की मायक्रोग्राफिया आहे, पेशंटकडून लिहून घेतलेला कागद फाइलला जोडावा. पेशंटला एकच वाक्य पाच वेळा लिहायला लावलं होतं. पहिली ओळ बरी, पाचवी मुंगीएवढी.

बाई कागदाला डिंक लावत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी हेडफोन काढला, पर्स उचलली आणि भर दुपारी, कुणाला न सांगता घरी गेल्या.

नवरा बाल्कनीजवळ शर्टाचं बटण लावत बसला होता. एकच बटण. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या, ते काही लागेना. मेल्या, सांगितलं का नाहीस, हे ओठांवर आलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावी, असंही वाटत होतं. त्यांनी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं, कोपरातून हात हळूहळू वाकवला, सरळ केला. डॉक्टर करतात तसा. हात अडकत अडकत वळला.

"कधीपासून?" चार वर्षांतला पहिला शब्द.

"तुला ठाऊक आहे की," तो म्हणाला. आवाज इतका खोल, की त्यांना वाकावं लागलं.

"मला काय ठाऊक?"

"मला काहीतरी होतंय ते. हात माझं ऐकत नाही, हे मला दीड वर्षापूर्वी कळलं. म्हटलं, हिला तर माझ्याआधी कळलं असेल. आज बोलेल, उद्या बोलेल. तू चिठ्ठी उचलायचीस, बघायचीस आणि ठेवून द्यायचीस."

"मला नव्हतं कळलं हो. मला वाटलं, मुद्दाम करताय."

त्यानं बटणाचा नाद सोडला.

"जिन्यात अडखळलेल्या शेजारणीचा मेंदू कळतो तुला," तो म्हणाला. "आणि माझं कळलं नाही, हे मी खरं मानू?"