सासऱ्यांच्या नदीवर किती माश्या न्याव्यात?

मे महिन्यातल्या सलग सुट्ट्या लागायच्या आदल्या रविवारी, इचिकावातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर मी माश्या मांडून बसलो होतो. खऱ्या नव्हेत. गळाच्या आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या. जपानीत त्यांना केबारी म्हणतात. डोंगरातल्या गार ओढ्यांमधला ट्राउट मासा त्यांना किडा समजून तोंड घालतो आणि फसतो. आमच्या साठ्यांच्या घराण्यात मासा म्हणजे पंचांगातली मीन रास, तेवढाच संबंध. तरीही मी टोकियोतल्या तीन दुकानांतून या माश्या जमवल्या होत्या, कारण सतरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांनी मला नदीवर बोलावलं होतं.

हे बोलावणं किती मोठं होतं ते कळायला थोडं मागं जायला हवं. माझी बायको मिचिको ही तेरासावा घराण्याची एकुलती एक मुलगी. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी एकच अट घातली, जावयाने तेरासावा हे आडनाव घ्यावं. मुलगा नसलेल्या घरात इकडे ही रीतच आहे. जावई नाव घेतो आणि घर पुढे चालतं. मी नाही म्हणालो. साताऱ्याच्या साठ्यांचं नाव बुडालं तर सह्याद्री खचेल, अशा थाटात नाही म्हणालो. ओतोसान (वडील, मीही त्यांना तेच म्हणतो) तेव्हा काहीच बोलले नाहीत. दर नवीन वर्षाला आम्ही त्यांच्या गावी जायचो. ते मला शेगडीजवळची उबदार जागा द्यायचे, हवापाण्याचं विचारायचे आणि ‘साठे-सान’ म्हणायचे. घरच्या जावयाला असं आडनावाने कुणी हाक मारत नाही. उन्हाळ्यात गेलो की मासेमारीला मात्र ते आणि पुढे आमचा मुलगा जायचे आणि मी घर सांभाळायचो.

आणि आता त्यांचा फोन आला होता. “साठे-सान, यंदा नदीवर या. केनलाही आणा.” केन म्हणजे आमचा केदार, वय सोळा.

“अहो, दोन दिवसांसाठी तिकडे दुकान मांडायचंय का?” मिचिकोने टेबलाकडे बघत विचारलं. ती मराठी माझ्या आईकडून शिकली, त्यामुळे तिचं ‘अहो’ अस्सल आहे आणि त्यातली नाराजीही.

“हे बघ, एक झाडात अडकणार, एक दगडाखाली जाणार, दोन-तीन माझ्याच टोपीत. शिवाय ओतोसानांना लागल्या तर? शेजारचा कुणी आला तर? आयत्या वेळी त्यांच्यापुढे हात पसरायचा का?”

साताऱ्याला निघताना वाटेत किल्ल्याला वेढा पडणार असल्यासारख्या दशम्या बांधणाऱ्या आईचा मी मुलगा. कमी पडणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी बेअब्रू.

“केदार, तू किती घेणार रे?”

“इरानाइ,” (नकोत) तो फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाला.

“नकोत काय? दातांनी धरणार आहेस मासे?”

त्याने खांदे उडवले आणि दुधाचा खोका घेऊन खोलीत गेला. मी तीन डझन माश्या डब्यात भरल्या आणि मग अडीनडीला म्हणून अजून अर्धा डझन.

शिंजुकूहून सकाळची गाडी पकडली. मिचिकोला सुट्टी नव्हती, त्यामुळे बापलेक दोघंच. इमारती संपल्या, बोगदे लागले, मग एकदम खोलगट सपाटी आणि तिच्यावर द्राक्षांचे मांडव. लांबवर अजून बर्फ वितळलं नव्हतं अशा डोंगरांची रांग. मी चिवड्याची पिशवी उघडली तशी केदारने हळूच मान खिडकीकडे वळवली, जणू शेजारी बसलेला लसणाच्या वासाचा माणूस त्याच्या ओळखीचाच नाही. मात्सुमोतोला उतरून बस धरली. शेवटच्या थांब्यावर ओतोसान त्यांच्या छोट्या पांढऱ्या ट्रकला टेकून उभे होते. पंच्याहत्तरी उलटली तरी पाठ दोरी ताणल्यासारखी.

“साठे-सान, लांबून आलात. पाऊस येईलसं वाटत नाही.”

मग केदारच्या डोक्यावर हात ठेवून, “केन, दाराला डोकं आपटायला लागलंय का रे आता?”

“गेल्या वर्षीच आपटलं होतं, ओजीचान,” (आजोबा) केदार हसून म्हणाला. चिवड्यानंतर तो पहिल्यांदाच हसला.

रात्री जेवायला ओयाकी होते. ओयाकी म्हणजे राखेत खरपूस भाजलेली कणकेची जाड कचोरी, आत पाल्याचं लोणचं. सोबत बर्फ वितळताना उगवणारे रानकोंब तळून ठेवले होते. चांगलेच कडू. “वसंतात कडू खावं, थंडीत झोपलेलं अंग जागं होतं,” ओतोसान म्हणाले. आम्ही पाडव्याला कडुनिंब खातो हे मी उत्साहाने सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. सतरा वर्षांत आमचं हवामान सोडून झालेलं हे पहिलंच संभाषण. मी त्या कडू कोंबांचं ताट दोनदा भरून घेतलं.

पहाटे उठलो. ओतोसानांनी दाराच्या वरच्या फळीवरून एक काळपट लाकडी पेटी काढली. आत त्यांनी बांधलेल्या माश्या होत्या, सगळ्या एकाच घडणीच्या, कोंबड्याच्या तांबूस पिसांच्या. एक त्यांनी स्वतःसाठी घेतली, एक केदारला दिली. केदारने ती न बघता दोरीला बांधली, झोपेत बुटाची नाडी बांधावी तशी. मी जवळ सरकलो. पेटीचं झाकण बंद झालं.

“साठे-सान, तुम्ही तुमच्या आणल्यात ना? छान केलंत.”

मी तत्परतेने डबा उघडला. “ओतोसान, तुमच्यासाठीही आणल्यात. घ्या ना!”

त्यांनी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी एक माशी उचलली. मग आत जाऊन ती सासूबाईंच्या फोटोपुढे देव्हाऱ्यात ठेवली आणि घंटा वाजवली. पाहुण्याने आणलेली वस्तू आधी तिथे जाते. माझी प्लॅस्टिकच्या पंखांची हिरवी माशी उदबत्तीच्या धुरात बसली होती आणि सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

पायवाटेवर मी केदारला गाठलं. “मला पेटीतली का नाही दिली?”

“घरचे काही आणत नाहीत,” तो जपानीत म्हणाला. “हात हलवत येतात, पेटीतलं घेतात. पाहुणे आपापलं आणतात.”

“मग आधी सांगायचंस ना!”

“नकोत म्हटलं होतं की.”

खरं होतं. आणि मला हे कुणी सांगायला हवं होतं का? आपल्याकडे कुठला जावई सासुरवाडीला स्वतःची शिदोरी घेऊन जातो? मोकळ्या हातांनी जायचं आणि त्यांनी जे वाढलं ते मानाने घ्यायचं. सबंध टोकियो पालथं घालून मी बेचाळीस पुरावे गोळा केले होते की मी या घरचा नाही.

नदी म्हणजे खरं तर मोठा ओढाच. पाणी इतकं नितळ की खोली कळत नाही. मी गुडघ्याएवढं समजून पाय टाकला आणि कमरेपर्यंत गेलो. माझी पहिली माशी काठावरच्या झाडाच्या फांदीत गेली, दुसरी माझ्याच पँटमध्ये मागच्या बाजूला रुतली. ती काढायला केदारला बोलवावं लागलं.

“हलू नका, बाबा.”

“काढतोयस की अजून रुतवतोयस?”

वरच्या वळणावर ओतोसान एवढे हसत होते की त्यांची काठी थरथरत होती. मला बरं वाटलं. माणूस आपल्याला हसतो म्हणजे आपला मानतो, असं मी मनाशी धरलं. दुपारपर्यंत त्या दोघांनी पाच इवाना धरले. इवाना हा त्या ओढ्यांतला ट्राउटचा भाऊबंद, अंगभर पांढरे ठिपके. मला एकही मिळाला नाही. वाळूत विस्तव करून, मीठ चोळून, काड्यांना लावलेले मासे सभोवती खोचले.

मासे भाजत असतानाच ओतोसान माझ्यासमोर गोट्यांवर गुडघे मोडून बसले. त्या वयात, त्या दगडांवर. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकवले.

“साठे-सान, केनला तेरासावा घराला द्या.”

“ओतोसान, अहो, उठा आधी.”

“नातू पंधराच्या वर आहे. मी त्याला दत्तक घेऊ शकतो, तुमची सही लागत नाही. गावच्या कचेरीत विचारून आलोय. पण न विचारता घेणं मला शोभणार नाही.”

दत्तक हा शब्द मी शाळेच्या इतिहासात, संस्थानिकांच्या धड्यात वाचलेला. मी केदारकडे पाहिलं. तो काडीवरचा मासा फिरवत होता, दुसरी बाजू भाजली जावी म्हणून.

“मिचिकोला माहीत आहे?”

“नवीन वर्षालाच बोललो होतो.”

म्हणजे चार महिने घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“मी नाही म्हटलं तर?”

“तर मासे खाऊ,” ते म्हणाले. “गार झाले की चव जाते.”

मी आयुष्यात पहिल्यांदा मासा खाल्ला तो तिथे. कुणी आग्रह केला नव्हता. हातांना काहीतरी काम हवं होतं. होय किंवा नाही मी म्हणालोच नाही. सतरा वर्षांपूर्वी ज्याने एका वाक्यात नकार दिला होता, तो आता नुसते काटे काढत होता.

परतीच्या गाडीत आमचा डबा माणसांनी खचाखच भरलेला होता. निम्मी वाट संपली. मग मी विचारलंच, “तुला स्वतःला हवंय का हे? की आजोबांचं मन राखतोयस?”

केदार घरात जपानीत उत्तर देतो, फार तर इंग्रजीत. त्या दिवशी तो मराठीत बोलला, अडखळत, पण सलग.

“बाबा, पार्टटाइम कामासाठी फोन करतो ना मी. नाव सांगितलं की पलीकडचा माणूस थांबतो. मग विचारतो, कुठून आलात? मी म्हणतो, इचिकावाहून. तो पुन्हा थांबतो. मला ते थांबणं नकोय.”

“नाव बदललं की चेहरा बदलणार आहे का?”

“फोनवर चेहरा दिसत नाही.”

मला वाटलं, इतकं मराठी त्याला येतं! ऊर भरून आला. मग आजूबाजूच्या, कान आमच्याकडे असलेल्या मंडळींकडे बघितल्यावर लक्षात आलं की डब्यात कुणाला कळू नये म्हणून तो मराठीत बोलत होता.

स्टेशनवर मिचिको घ्यायला आली होती. तिने माझी पिशवी घेतली आणि काही विचारलं नाही. मीही ‘तू सुद्धा?’ म्हणालो नाही. तिच्या बापाचं घर विझत होतं आणि सतरा वर्षांपूर्वी ते मी एका नकाराने विझू दिलं होतं. तेव्हा ती एका शब्दाने बोलली नव्हती. तिच्या चार महिन्यांच्या गप्प बसण्याचा हिशेब मी कुठल्या तोंडाने मागणार?

लोक प्रवासाहून काही ना काही घेऊन येतात. मी एक मुलगा देऊन आलो. तक्रार कुणाबद्दल करावी तेही कळत नाही, कारण सगळे माझ्याशी फार चांगले वागले.

उन्हाळ्यात दत्तकाचे कागद झाले. इकडे टपालपेटीवर ज्याचं नाव नाही त्याचं पत्र परत जातं, म्हणून मी खाली जाऊन जुनी पट्टी काढली आणि नवी लिहायला घेतली. जागा एकाच ओळीची आहे. तेरासावा नीट मावावं म्हणून साठे जरा बारीक लिहावं लागलं.