टाकीचं झाकण उघडलं की गाडी चालू

रविवारी मुरबाडला निघाले आणि शेणव्याच्या पुढे मोटारसायकल पुन्हा बंद पडली. ह्यांची जुनी गाडी... हे गेले, तरी मी ती चालवतेच. लग्न होऊन या भातशेतीच्या घरात आले, तेव्हा कॉन्व्हेंटच्या मुलीला ह्यांनी बांधालगतच्या रस्त्यावर हीच गाडी शिकवली. चपला हातात घेऊन मागून धावत यायचे...

पावसाळ्यापासून तिचं एकच चाललं होतं. घरून छान निघायची, थोडं अंतर गेलं की आचके देऊन गप्प. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं, परत लावलं, किक मारली... की लगेच चालू.

हे मी शहापूरच्या मेकॅनिकला दर खेपेला सांगत होते. पण सांगायचे मी आणि तो उत्तर द्यायचा माझ्या दिरांना. चालवते मी, त्रास मला, आणि बोलणं भाऊजींशी. प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, कॉइल बदलली. शेवटी म्हणाला, "काकू, सोडा आता हिला. बटन स्टार्ट स्कूटर घ्या."

भाऊजींनी तर कहर केला. "वयनी, सोमवारी भंगारवाला येनार हाय. त्याला सांगून ठेवलाय मी."

मला विचारलंही नाही. संतापले, आणि रविवारी एकटीच गाडी घेऊन निघाले.

बंद पडल्यावर या वेळी झाकण हळूच फिरवलं, कान जवळ नेला. सुस्स... हवा आत ओढली गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. हवा आत गेली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उलटं केलं, तर आत सायकलच्या ट्यूबची गोल चकती, कात्रीने नीट कापून बसवलेली. भोक पार बुजलेलं.

चकती काढली. मुरबाडला जाऊन आले, एक आचका नाही.

घरी येऊन ती भाऊजींपुढे ठेवली. मनात भलतंसलतं आलं होतं, खोटं कशाला सांगू... त्यांनी ती उचलून उलटीसुलटी केली.

"मीच लावली. पडवी गळते ना... दादाच्या टाकीत पानी जाईल म्हनून."

आमच्याकडे पावसात झाकणाला कुणी पिशवी बांधतं, कुणी रबर लावतं. पण पाऊस सरल्यावर काढायला नको?

"मग भंगारात का देत होतात?"

"बंद पडलेली बघवत नव्हती मला."

चकती मी केरात टाकली. मेकॅनिकवरचा राग मात्र अजून आहे. त्याला जाऊन सांगणार आहे, गिऱ्हाईक बोलतं तेव्हा गिऱ्हाइकाकडे बघावं.

सोमवारी भंगारवाला आला. मी आत भाकऱ्या थापत होते. भाऊजींनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "भंगार कुठं हाय इथं? वयनीची गाडी हाय ती."

हे गेल्यापासून तिला कुणी माझी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.